गळ नसलेली दोरी

खेकडा म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात. एक, कोकणातल्या खाडीकाठी सुतळीला माशाचं डोकं बांधून चिखलात बसलेली मुलं. आणि दुसरी अर्थातच ताटातली आमटी. आज मी खेकड्याबद्दलच बोलणार आहे, पण जरा दूरच्या. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या मध्ये चेसापीक नावाचा उपसागर आहे. लांबी सुमारे तीनशे वीस किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम एकवीस फूट. नद्यांचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी तिथे मिसळतं आणि त्या मचूळ पाण्यात निळा खेकडा वाढतो. त्याचं शास्त्रीय नाव ‘कॅलिनेक्टस सॅपिडस’. म्हणजे ‘देखणा पोहणारा, चविष्ट’. शास्त्रज्ञ सहसा चवीपर्यंत जात नाहीत, इथे गेले.

वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या आसपास मराठी घरं बरीच आहेत. उन्हाळ्यात आईवडील तिकडे गेले की एखाद्या रविवारी मुलगा किंवा जावई म्हणतो, ‘चला, खेकडे धरायला जाऊ.’ तिथे हौसेने खेकडे धरणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. लांब दोरी पाण्याच्या तळाशी पसरायची. तिला ‘ट्रॉटलाइन’ म्हणतात. या दोरीला एकही गळ नसतो. दर तीन-चार फुटांवर आमिष बांधलेलं असतं, बस्स. खेकडा येतो, नांग्यांनी आमिष धरतो आणि खायला लागतो. होडी हळूहळू दोरीच्या कडेने जाते. होडीच्या बाजूला बसवलेल्या रुळावरून दोरी वर येते आणि पुढे पुन्हा पाण्यात जाते. खेकडा हावरट. आमिष सोडत नाही, दोरीबरोबर वर येतो. पाण्याबाहेर येता क्षणी मात्र तो पकड सोडतो. त्याआधीच लांब दांड्याच्या जाळीने त्याला खालून उचलायचा. सगळी गंमत त्या एका क्षणाची.

आता ही दोरी कशी निवडावी? दुकानात गेलात तर दहा प्रकार दिसतील. पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही पाण्यात बुडते का? खेकडा तळाशी चालतो. आमिष तळाला टेकलं नाही तर त्याला ते सापडायचं नाही. पॉलिप्रॉपिलीनची दोरी सगळ्यांत स्वस्त, रंगीबेरंगी, पण ती पाण्यापेक्षा हलकी. ती तरंगते. तिला जागोजागी वजन बांधावं लागतं. शिवाय उन्हाने तिचे तंतू लवकर कमकुवत होतात आणि हाताला बोचतात. आणि वर आलेला तरंगता फास शेजारच्या होडीच्या पंख्यात अडकला तर दोरी तर जातेच, पण भर पाण्यात एखाद्याचं इंजिन बंद पडतं.

नायलॉन पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून बुडतं. हाताला मऊ, मजबूत, पण ओलं झालं की ताणतं. पॉलिएस्टर त्याहून जड, ताण कमी, ऊन सोसणारं, पण किंमत जास्त. काही दोऱ्यांच्या पोटात शिशाची बारीक तार असते. ती झटकन तळाला बसते. वाहत्या पाण्यात फार उपयोगी, पण खिशाला आणि खांद्याला जड. जुने मच्छीमार सुती दोरी वापरत. सुताची गंमत अशी की ते खारवणीचं पाणी पितं. खारवलेल्या ईल माशाचे तुकडे बांधलेली अख्खी दोरी पिपात मिठाच्या पाण्यात गुंडाळून ठेवली की आमिष बरेच दिवस टिकायचं. पण सूत कुजतं, म्हणून त्याला डांबर लावावं लागे. आज हौशी माणसाने त्या वाटेला जायचं कारण नाही. पहिल्या दोरीसाठी डांबर लावलेलं पिळाचं नायलॉन घ्यावं. बुडतं, टिकतं आणि गाठ धरतं.

जाडी साधारण पाच ते सहा मिलिमीटर. त्याहून बारीक घेतली तर ओल्या हाताला कापते आणि टोपलीत तिचा गुंता होतो. त्याहून जाड घेतली तर टोपली उचलवत नाही. पिळाची दोरी आणि विणलेली दोरी यांतही फरक आहे. तीन पेडांच्या पिळाच्या दोरीत पेड उकलून त्यात आमिष खुपसता येतं. विणलेल्या दोरीला वेटोळी पडत नाहीत, पण तिचे पेड असे उकलत नाहीत. नवी पिळाची दोरी मात्र तशीच पाण्यात टाकू नये. दोन झाडांमध्ये ताणून बांधावी किंवा होडीमागे मोकळी ओढत न्यावी. तिच्यातला जादा पीळ निघाला की मग ती शहाण्यासारखी वागते.

आमिष बांधायच्या तीन रीती. एक, दोरीलाच सरगाठ मारायची आणि तिच्यात आमिष अडकवायचं. खर्च शून्य, पण दोनशे गाठी मारताना बोटं दुखतात. दुसरी, पेडांत खुपसायचं. ही झटपट, पण मऊ आमिष निसटतं. तिसरी, दर चार फुटांवर वीतभर लांबीची छोटी दोरी जोडायची आणि तिच्या फासात आमिष अडकवायचं. काही जण त्यासाठी रबरी ताणाची दोरी वापरतात. आमिष घट्ट बसतं, बदलायला सोपं. पण प्रत्येक छोटी दोरी म्हणजे गुंत्याचं आमंत्रण. ज्याला दोरी शिस्तीने टोपलीत ठेवायची सवय आहे त्यानेच ही रीत निवडावी.

आमिष म्हणून कोंबडीच्या मानेला तोड नाही. स्वस्त, चिवट आणि सगळीकडे मिळणारी. खारवलेला ईल जास्त टिकतो. बैलाचे ओठ चामड्यासारखे चिवट, ते पुन्हा पुन्हा वापरता येतात. लांबट शिंपले खेकड्यांना फार आवडतात, पण ते इतके मऊ की छोट्या जाळीच्या पिशवीत भरूनच बांधावे लागतात. खेकडा वासाने येतो, हे लक्षात ठेवलं की पुरे.

दोरीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन फूट साखळी, पुढे नांगर आणि वर बोया. साखळी कशासाठी? बोया लाटेवर वरखाली होतो आणि दोरीचं टोक उचलतो. साखळी ते टोक तळाशी दाबून धरते. नाहीतर शेवटची दहा-पंधरा आमिषं अधांतरी लटकतात. बोयाची दोरी पाण्याच्या खोलीपेक्षा थोडी लांब असावी, कारण भरती येते. चेसापीकमध्ये ती आपल्या मुंबईसारखी पंधरा फूट चढत नाही, बहुतेक ठिकाणी एक-दोन फूटच. पण बोया बुडायला तेवढी पुरते.

रूळ होडीच्या ज्या बाजूला बसवाल, तिथे तो पाण्याच्या जितका जवळ तितका चांगला. तो वर बसवला तर खेकडा जाळीपर्यंत यायच्या आधीच हवेत येतो आणि सुटतो. जाळी निवडताना आपण सुती जाळ्याकडे वळतो, कारण डोळ्यांना तेच ओळखीचं. पण सुतात नांग्या गुंततात. एक खेकडा सोडवेपर्यंत चार निघून जातात. म्हणून तारेची जाळी घ्यावी. खेकडा टोपलीत उपडा केला की पडतो, आणि पाणीही तिला अडवत नाही. दांडा सहा-सात फुटांचा, हलका. जाड हातमोजे, लांब चिमटा, लाकडी टोपली आणि वरून झाकायला ओलं गोणपाट. खेकडे पाण्यात बुडवून ठेवू नयेत. साठलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की ते मरतात. ओलाव्यात आणि सावलीत ते तासन्‌तास जिवंत राहतात. मेलेला खेकडा खायचा नाही, हा नियम तिकडे आणि इकडे सारखाच.

नवशिक्याने किती लांब दोरी घ्यावी? मेरीलँडच्या नियमांत हौशी परवानाधारकाला आमिष बांधलेली बाराशे फूट दोरी चालते. पण चार फुटांवर एक म्हटलं तरी ती तीनशे आमिषं झाली. तीनशे कोंबडीच्या माना पहाटे अंधारात बांधून बघा! सहाशे फूट घ्यावी. दीडशे आमिषं होतात, आणि माणसाच्या संथ चालीने होडी नेली तर एका फेरीला सात-आठ मिनिटं लागतात. घाई केली की खेकडे सुटतात. दोरी प्रवाहाच्या दिशेला धरून टाकावी, आडवी टाकली तर ती वाहत सरकते. सूर्य असा असावा की आपली सावली वर येणाऱ्या खेकड्यावर पडणार नाही. अंगात जीवरक्षक जाकीट आणि हाताशी धारदार सुरी ठेवावी. दोरी पंख्याजवळ गेली तर आधी इंजिन बंद, मग बाकीचं.

आता सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महत्त्वाचं साधन सांगतो. खेकडा मोजायची पट्टी. मेरीलँडमध्ये कठीण कवचाचा नर एप्रिलपासून १४ जुलैपर्यंत टोकापासून टोकापर्यंत किमान पाच इंच आणि १५ जुलैनंतर सव्वापाच इंच असावा लागतो. बुधवारी, सरकारी सुट्टी नसेल तर, हौशी लोकांना चेसापीकमध्ये आणि तिच्या नद्यांत खेकडे धरायला बंदी. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून जायच्या आधी राज्याच्या खात्याची त्या वर्षाची यादी वाचावी. आणि कठीण कवचाची मादी हौशी माणसाने ठेवायचीच नाही. हे २००८पासून आहे.

इथे आपल्या मराठी माणसाचं अडतं. आपल्याकडे भरलेली मादी म्हणजे मेजवानी. तीच पाण्यात सोडायची? ओळखायची कशी, तेही सोपं आहे. खेकडा उलटा केला की पोटावर झाकण दिसतं. नराचं वॉशिंग्टनच्या स्मारकासारखं उंच आणि निमुळतं, प्रौढ मादीचं संसद भवनाच्या घुमटासारखं गोल. शिवाय मादीच्या नांग्यांची टोकं नखांना लाली लावल्यासारखी तांबडी.

सोडायची का, त्याला कारण आहे. मादी बहुधा आयुष्यात एकदाच मीलन करते आणि मग अंडी घालायला उपसागराच्या मुखाशी, खाऱ्या पाण्याकडे निघते. ती वाटेत टोपलीत गेली की पुढची पिढी गेली. १९९०पासून दर हिवाळ्यात चिखलात निजलेले खेकडे मोजून अंदाज काढला जातो. १९९३मध्ये तो पंच्याऐंशी कोटींच्या घरात होता. २००८मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारला तिथल्या खेकड्याच्या व्यवसायावर आपत्ती आल्याचं जाहीर करावं लागलं. मादीच्या रक्षणानंतर संख्या सावरली, पण २०२२मध्ये ती सुमारे पावणेतेवीस कोटींवर, मोजणी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकावर आली. २०२५चा आकडा सुमारे चोवीस कोटींचा, म्हणजे नीचांकापासून फार लांब नाही. पाण्याखालचं गवत कमी झालंय, उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू घटतो, आणि १९७०च्या दशकात व्हर्जिनियाच्या नद्यांत सोडलेला निळा मार्जारमासा आता खेकड्यांवर ताव मारतो. यातलं काहीच हौशी माणसाच्या हातात नाही. त्याच्या हातात त्याची दोरी आहे, आणि ती पट्टी.

म्हणूनच मला ही गळ नसलेली दोरी पसंत आहे. तारेचा पिंजरा पाण्यात हरवला तर तो कोणासाठीही नसताना धरत राहतो. त्यात खेकडे मरतात. श्वासासाठी वर यावं लागणारी खाडीतली कासवं आत शिरली तर बुडून मरतात. म्हणून मेरीलँडमध्ये घरच्या धक्क्यावरच्या पिंजऱ्याला कासव अडवणारी चौकट लावणं सक्तीचं आहे. दोरी हरवली तर आमिष संपतं आणि खेकडा पोट भरून निघून जातो. लहान असेल, मादी असेल, तर जिथून उचलली तिथेच, त्याच घटकेला, अंगाला जखम न होता परत जाते. दोरीवर खेकडा स्वतःहून धरून राहतो, आणि सोडायचं ठरवलं तर सोडू शकतो.

आपल्या खाडीकाठची सुतळी आणि माशाचं डोकं याच जातीचं. तिथेही गळ नव्हता. फक्त अंड्यांची मादी परत सोडायची, एवढं त्या सुतळीला जोडून घेतलं तर आपल्या खाड्याही भरलेल्या राहतील. बाकी उकडताना बाल्टिमोरचा मसाला घालायचा की मालवणी, हा ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघराचा प्रश्न.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)