रस्ता आणि शिरगणती



गावाला रस्ता कशावर मिळतो? केवळ अर्जावर नव्हे, माणसांच्या संख्येवर. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने सपाट प्रदेशात ५००, तर डोंगरी व आदिवासी भागात २५० लोकसंख्येची अट ठेवली. आधार होता २००१ च्या जनगणनेचा. सपाटीवरची ४९० माणसांची एकाकी वस्ती अटीबाहेर राहिली. दहा माणसे कमी म्हणून बाळंतीण बाजेवर आणि पोरांची शाळा चिखलात! २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्याला २०११ ची जनगणना धरली आहे.

आता आपल्याकडे पाहा. बीडसारख्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या सबंध काळात जो गावाबाहेर होता, त्याची नोंद तो होता तिथे, म्हणजे फडावरच्या कोपीत. घर गावात, आकडा कारखान्याकडे! पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. हंगाम तोच आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, एक काम करा. वस्तीतील घरोघरी जा, स्थलांतरित कुटुंबांची यादी करा आणि ती ग्रामसभेच्या ठरावात नोंदवा. गणनेच्या दिवसांत जो गावी येऊन जाईल, त्याचे नाव गावातच लागेल याकडे लक्ष द्या. रस्ता मागण्यापूर्वी आपण आहोत, हे कागदावर दिसले पाहिजे.