लोहारांच्या गांवचा इतिहासकार

(एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं गांवच्या वाचनालयांत दिलेलें व्याख्यान)



मी खेड्यांतला मास्तर. विद्वत्तेचा आव मला आणतां येत नाहीं. वाचनांत आलेलें एका माणसाचें चरित्र आज तुमच्यापुढें मांडणार आहें. माणूस आपल्या मुलखाचा नाहीं. तो आफ्रिकेंतल्या नायजेरिया देशाचा. त्याचें नांव केनेथ ओन्वुका डिके. हा गृहस्थ आधीं इतिहासकार झाला, मग विद्यापीठाचा मुख्य झाला, आणि पुढें उपाशी मरणाऱ्या आपल्या लोकांचा वकील होऊन देशोदेशींच्या राज्यकर्त्यांचे उंबरे झिजवीत हिंडला. तुम्ही म्हणाल, नांगर आणि घण सोडून आम्हांस आफ्रिकेचें काय करावयाचें? आधीं ऐकून घ्या, मग निवाडा तुमचा.

नायजेरियाच्या पूर्व भागांत इग्बो नांवाचे लोक राहतात. त्यांच्या मुलखांत आवका नांवाचें गांव आहे. हें गांव लोहारांचें म्हणून दूरवर प्रसिद्ध. आवक्याचे लोहार आपलीं हत्यारें घेऊन गांवोगांव फिरत, शेतकऱ्यांना कुदळी घडवून देत, लोखंडी घंटा करीत आणि काम सरलें कीं घरीं परत येत. लोहार आला नाहीं तर शेतकऱ्याचे हाल काय होतात, हें तुम्हांला मी सांगावयास नको. अशा गांवीं १७ डिसेंबर १९१७ रोजीं डिके यांचा जन्म झाला. त्या वेळीं तेथें इंग्रजांचा अंमल होता. मुलगा ओनित्शाच्या मिशनच्या शाळेंत शिकला. नंतर गोल्ड कोस्ट देशांत, म्हणजे आजच्या घानांत, अचिमोटा कॉलेजांत गेला. तेथून सिएरा लिओनच्या फोरा बे कॉलेजांत, मग स्कॉटलंडांत ॲबर्डीनला आणि शेवटीं लंडनला. विद्येसाठीं एवढी पायपीट!

पण त्या विद्येंत त्याच्या स्वतःच्या लोकांना जागा किती होती? आफ्रिकेचा इतिहास म्हणून जो शिकवीत, त्यांत गोरे दर्यावर्दी केव्हां आले, गव्हर्नर कोण कोण झाले, एवढीच यादी. जेथें लिहिलेला कागद नाहीं तेथें इतिहास नाहीं, असें मोठमोठे पंडित म्हणत. पुढें १९६३ सालींसुद्धां ऑक्सफर्डच्या ह्यू ट्रेव्हर-रोपर नांवाच्या प्राध्यापकांनीं बोलून दाखविलें, कीं आफ्रिकेंत आहे तो गोऱ्यांचाच इतिहास, बाकी सारा अंधार. मंडळी, डोळे मिटून बसलेल्याला दुपारींही अंधारच दिसतो!

डिके यांनीं या पंडितांशीं शब्दानें शब्द वाढविला नाहीं. त्यांनीं पुरावा काढला. नायजर नदी जेथें समुद्रास मिळते त्या खाड्यांच्या प्रदेशांतला १८३० पासून १८८५ पर्यंतचा व्यापार आणि राजकारण, हा विषय त्यांनीं घेतला. लंडनच्या सरकारी दप्तरांत इंग्रज कॉन्सलांचीं पत्रें होतीं, व्यापाऱ्यांच्या तक्रारी होत्या. पत्र लिहिणारा गोरा. पण डिके यांनीं तें वाचलें तें काळ्या माणसाच्या अंगणांत उभें राहून. १९५० सालीं त्यांना पीएच.डी. मिळाली आणि १९५६ सालीं त्यांचा ग्रंथ छापून निघाला.

त्या ग्रंथांत आहे तरी काय? इंग्लंडनें १८०७ सालीं गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद केला. मग हळूहळू त्याची जागा पामतेलानें घेतली. हें तेल विलायतेंत साबणाला, मेणबत्त्यांना आणि यंत्रांच्या वंगणाला लागे. तेल काढी आंतल्या रानांतला शेतकरी. तें किनाऱ्यावर आणी बॉनी, ब्रास अशा गांवांचा आफ्रिकन व्यापारी, आपल्या लांब होड्यांतून. गोऱ्या व्यापाऱ्याला कित्येक वर्षें किनारा सोडून आंत जातां आलें नाहीं. बंदरांत दुकान मांडावयाचें तर तेथल्या राजाला जकात द्यावी लागे. गोऱ्यानें माल आधीं उधार द्यावयाचा आणि तेल मागाहून घ्यावयाचें, असा व्यवहार. त्याला नांवच 'ट्रस्ट', म्हणजे विश्वास. तेव्हां गोऱ्यांनीं येऊन निजलेल्या रानटी माणसांना जागें केलें, ही कथा खोटी ठरली. तेथें बाजार होता, कायदा होता, तंटे होते, तह होते. जें माणसांच्या कोणत्याही समाजांत असतें, तें सारें होतें.

त्यांतलीच एका पोराची गोष्ट सांगतों. किनाऱ्यावरच्या व्यापारी घराण्यांत विकत आणलेला गुलामसुद्धां कर्तबगारीनें वर चढूं शके. इग्बो मुलखांतलें एक मूल लहानपणीं विकलें गेलें आणि बॉनीस आलें. व्यापारांत तें असें हुशार निघालें, कीं १८६३ सालीं तोच गुलाम एका मोठ्या घराण्याचा मुख्य झाला. १८६९ सालीं घराण्याघराण्यांत लढाई जुंपली, तेव्हां आपलीं माणसें घेऊन तो बाहेर पडला व ओपोबो नांवाचें स्वतःचें राज्य स्थापून बसला. हाच राजा जाजा. तेलाचा व्यापार त्यानें आपल्या मुठींत ठेवला, म्हणून इंग्रजांना तो सलूं लागला. १८८७ सालीं इंग्रज कॉन्सलनें, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाहीं अशा बोलीवर त्यास भेटीला बोलाविलें आणि मग हद्दपार करून वेस्ट इंडीजला धाडलें. १८९१ सालीं परतण्याची परवानगी मिळाली. परंतु वाटेंतच, टेनेरीफ बेटावर, त्याचा अंत झाला. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. बलाढ्य राज्याच्या वचनाची किंमत काय, हें डिके यांना कोणीं शिकवावें लागलें नव्हतें.

आतां त्यांचें दुसरें काम पाहा. माझ्या मतें तें ग्रंथाहूनही मोठें. १९५० सालीं ते मायदेशीं परतले व इबादान येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकवूं लागले. पण शिकवावें कशाच्या आधारावर? देशांतल्या कचेऱ्यांतले जुने कागद कोठें ओलीनें कुजत होते, कोठें वाळवीच्या पोटांत जात होते. ज्या कागदांवर गांवांचे तंटे, जमिनींचे निवाडे, राजांचे तह लिहिलेले, ते असे मातीमोल होत होते. डिके यांनीं कचेऱ्या धुंडाळल्या, सरकारास अहवाल दिला, आणि १९५४ सालीं नायजेरियाचें दप्तरखातें उभें राहिलें. त्याचे पहिले मुख्य डिकेच. १९५७ सालीं त्यासाठीं कायदाही झाला.

पण नुसत्या कागदावर भिस्त ठेवणारा तो माणूस नव्हता. कागद बहुतेक राज्य करणाऱ्याच्या हातचा. ज्याला लिहितां येत नव्हतें त्याचा इतिहास त्याच्या तोंडांत. म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडच्या हकीकती हाही पुरावा आहे, असें डिके यांचें म्हणणें होतें. अर्थात् डोळे झांकून घ्यावयाच्या नाहींत. एकीशीं दुसरी ताडून, कागदाशीं मिळवून, पारखून घ्यावयाच्या. सोनार सोनें कसाला लावतो, तसें.

१९५५ सालीं त्यांच्या पुढाकारानें नायजेरियाची इतिहास-सभा स्थापन झाली. १९६० सालीं देश स्वतंत्र झाला. त्याच सुमारास इबादान कॉलेजची मुख्य जागा प्रथमच एका नायजेरियन माणसाकडे आली, ती डिके यांच्याकडे. १९६२ सालीं त्या कॉलेजचें स्वतंत्र विद्यापीठ झालें, तेव्हां कुलगुरूही तेच. त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या मंडळींनीं ग्रंथ लिहिले, आणि पोरांच्या शाळेंतल्या पुस्तकांत आफ्रिकेचा इतिहास आला. इबादानला तेव्हां देशांतल्या सर्व जातींचे विद्यार्थी एका बाकावर बसत.

येथेंच चरित्र संपलें असतें तर किती बरें झालें असतें! पण १९६६ सालीं देशावर आग कोसळली. जानेवारींत लष्करांतल्या कांहीं अधिकाऱ्यांनीं बंड केलें. पंतप्रधान मारले गेले. बंडवाल्यांत इग्बो बरेच होते, म्हणून राग निघाला तो साऱ्या इग्बो जातीवर. जुलैंत दुसरें बंड झालें. उत्तर भागांत पोटासाठीं गेलेल्या हजारों इग्बो लोकांची कत्तल झाली, आणि लाखों लोक घरदार टाकून पूर्वेकडे पळाले. वर्षाच्या अखेरीस डिके यांनीं इबादानचें कुलगुरुपद सोडलें व तेही आपल्या लोकांत परत गेले. ३० मे १९६७ रोजीं पूर्व भागानें कर्नल ओजुक्वू यांच्या पुढारीपणाखालीं 'बियाफ्रा' नांवाचें वेगळें राष्ट्र जाहीर केलें. जुलैंत युद्ध सुरू झालें.

त्या नव्या राष्ट्राजवळ तोफा थोड्या. पण दप्तरांत उभा जन्म घातलेला, जगांतल्या विद्यापीठांत ज्याचें नांव होतें असा माणूस होता. त्याला फिरता राजदूत नेमण्यांत आलें. देशोदेशीं जावयाचें आणि सांगावयाचें: आमचीं माणसें मरताहेत, आम्हांस राष्ट्र म्हणून ओळखा. तिकडे नाकेबंदीमुळें अन्न तुटलें होतें. हाडांचा सांपळा झालेलीं, पोटें फुगलेलीं मुलें जगानें चित्रांतून पाहिलीं. पण इंग्लंड आणि रशिया हे एरवीं एकमेकांचे वैरी, तेही येथें एका बाजूला; दोघांचीं शस्त्रें नायजेरियाच्या सरकारला मिळत. आफ्रिकेंतल्या बहुतेक राष्ट्रांना धास्ती, कीं आज एक देश फुटला तर उद्यां आपलाही फुटेल. १९६८ सालीं टांझानिया, गॅबॉन, आयव्हरी कोस्ट आणि झांबिया या चार आफ्रिकन राष्ट्रांनीं बियाफ्रास मान्यता दिली. बाकीचीं गप्प. जानेवारी १९७० मध्यें बियाफ्रानें हार पत्करली. मेलेल्यांची नक्की मोजदाद कोणाजवळ नाहीं. बहुतेक अंदाज दहा लाखांच्या पुढेंच जातात, आणि त्यांत बंदुकीनें मेले त्यांहून भुकेनें मेलेले फार.

मंडळी, येथें एक पेंच आहे, तो मी लपवून ठेवणार नाहीं. इतिहासकारानें दोन्ही बाजू तोलावयाच्या. वकिलानें आपल्या अशिलाचीच मांडावयाची. ज्या डिके यांनीं साऱ्या नायजेरियासाठीं एक दप्तरखाना उभारला, एक विद्यापीठ वाढविलें, त्यांनाच तो देश दोन करा म्हणून सांगत फिरावें लागलें. कोणी म्हणेल, त्यांनीं चूक केली. कोणी म्हणेल, दुसरी वाटच नव्हती. मी एवढेंच विचारतों: घर पेटलें असतां, 'थांबा, दोन्ही बाजू पाहतों' असें कोणता शहाणा म्हणेल? आणि तरीही घर पेटविण्याचें खापर एकाच्या माथीं फोडून मोकळें होणें, हेंही इतिहासकाराला शोभत नाहीं. या दोहोंच्या कात्रींत तो माणूस अडीच वर्षें सांपडला होता.

हरल्यावर ते तलवारीची भाषा बोलत बसले नाहींत. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत आफ्रिकेच्या इतिहासाचे प्राध्यापक झाले. तेथें मान होता, सुख होतें. तरी पुढें ते परत आले, आणि एनुगू येथें नव्या निघालेल्या आनाम्ब्रा राज्याच्या तंत्रविद्यापीठाचे मुख्य झाले. लोहारांच्या गांवचा माणूस अखेरीस पोरांना यंत्रविद्या मिळावी म्हणून झटला. २६ ऑक्टोबर १९८३ रोजीं एनुगू येथेंच त्यांचा अंत झाला. ज्या इबादानहून ते निघून गेले, तेथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचेंच नांव आहे. राष्ट्र स्थापण्याची खटपट फसली. पण जे कागद वाळवीच्या तोंडांतून काढले, ते राहिले. लढणाऱ्या दोन्ही बाजूंचीं नातवंडें आज तेच कागद वाचूं शकतात.

यांत आपण घ्यावयाचें तें काय? मोठें कांहीं सांगत नाहीं. ज्याचा कागद दुसऱ्याच्या हातीं, त्याची कैफियतही दुसऱ्याच्याच तोंडीं. घरीं गेल्यावर माळ्यावरची पेटी उघडा. जमिनीचा जुना कागद असेल, कर्जाची फेडलेली पावती असेल. ऊन दाखवून, पुसून, कोरड्या जागीं ठेवा आणि शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. आजीआजोबा ओसरीवर आहेत तोंवर, विहीर कोणीं खणली, दुष्काळांत काय खाल्लें, गांव सोडून कोण गेलें, हें त्यांना विचारा. मुलांनो, तुम्ही तें वहींत उतरून काढा. नांव, गांव आणि तारीख घालायला विसरूं नका. शुद्धलेखन चुकलें तर मी आहेंच.