एक बर्थ, दोन खिडक्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मुन्शी घाटावर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



नागपूर दरबारचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचे नाव मिरविणाऱ्या या घाटावर संगणकाविषयी बोलणे कित्येकांस विजोड वाटेल. परंतु येथून दक्षिणेस, हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील आय.आय.टी.मध्ये, १९ फेब्रुवारी २०१९ रोजी 'परम शिवाय' या महासंगणकाचे उद्घाटन झाले. त्यामागील सी-डॅक ही संस्था पुण्याची. तिनेच १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' सिद्ध केला. अनेक लहान प्रोसेसरांना एकाच कामास जुंपणे, हे त्याचे तत्त्व. तेव्हा हा विषय आपल्यास परका नाही.

आपली मुले संगणकाची एखादी भाषा चटकन आत्मसात करतात. त्या भाषेखाली काय चालते, याकडे मात्र फारशी वळत नाहीत. भाषा मागे पडतात, मूळ प्रश्न टिकतात. तो प्रश्न रेल्वेच्या उदाहरणाने सांगतो. कारण गावी जाण्यासाठी आरक्षणाच्या रांगेत उभा न राहिलेला येथे क्वचितच असेल.

एकच बर्थ उरला आहे आणि दोन खिडक्यांवर एकाच क्षणी त्याची मागणी झाली. दोन्हीकडे तो 'रिकामा' दिसला, तर एका जागेचे दोन धनी होतील. म्हणून पहिले काम पुरे होईपर्यंत त्या नोंदीस कुलूप घालावे लागते. एका यंत्रात प्रोसेसर व स्मृती मर्यादित, मागणारे प्रोग्रॅम अनेक. तेथे अशीच शिस्त ऑपरेटिंग सिस्टिम राखते. अभ्यासाची ही पहिली पायरी.

दुसरी पायरी नेटवर्कची. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही आरक्षणाची पाच केंद्रे १९९९ साली 'कॉन्सर्ट' प्रणालीने जोडली गेली. दूरच्या केंद्राकडील गाडीचे तिकीट आपल्या गावच्या खिडकीवर मिळू लागले. परदेशी नव्हे, पण परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांस ही केवढी सोय!

तिसरी पायरी सर्वांत अवघड. समजा, दूरच्या केंद्राने बर्थ दिला, पण उत्तर वाटेत हरवले. मागणी पोहोचलीच नाही, की उत्तर परतले नाही? खिडकीवरून हे कळत नाही. पुन्हा मागावे, तर दोन बर्थ अडकण्याचे भय. उपाय असा, की प्रत्येक मागणीस क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आल्यास नवा बर्थ न देता जुनेच उत्तर पाठवावे. शिवाय दूरदूरच्या यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. मग आधी कोण आणि नंतर कोण? लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली या प्रश्नाचा पाया घातला. विखुरलेल्या संगणनाचे मर्म हेच: काही यंत्रे बंद पडतील, निरोप हरवतील, हे गृहीत धरून व्यवहार चोख ठेवणे.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच, की हा क्रम सोडू नये. एका यंत्रातील कुलूप ज्यास उमगले नाही, त्यास पाच शहरांतील व्यवहार उमगणार नाही. पालकांनीही 'नोकरी कधी?' या प्रश्नाआधी 'हे आतून कसे चालते?' असे मुलांस विचारावे.