लेबलावर नसलेलें नांव

१९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ‘व्हिक्टर’ची तबकडी ७५ सेंटांस मिळे, मॅक्रोरीच्या दुकानांतील ‘ओरिओल’ची अवघ्या २५ सेंटांस. जाझचे मोठमोठे वाद्यवृंद या स्वस्त तबकड्यांवरहि वाजले, पण टोपणनांवानें. कारण करार पुष्कळदां दुसऱ्याच कंपनीशीं झालेला असे. १९३० सालीं खुद्द ड्यूक एलिंग्टन यांचा वृंद ‘टेन ब्लॅक बेरीज’ झाला! घेणाऱ्या बिचाऱ्यास काय कळणार? म्हणून जाणता संग्राहक लेबलावर विसंबत नाहीं. तबकडी उजेडांत तिरपी धरून तो लेबलालगत कोरलेला मुद्रणक्रमांक वाचतो, आणि मग खरखरींतून ट्रम्पेटचा ओळखीचा सूर शोधतो. स्टुडिओंत एकच गत दोनतीनदां वाजवीत. त्यांतील एखादें निराळें वादन कधीं कधीं या पाव डॉलरच्या तबकडीवरच उरलेलें असतें.