जुन्या बागा, जुने सोबती

माळीकामात हयात घालवलेला माणूस सुटीच्या दिवशी कुठे जाईल? पुण्यातला असेल, तर जुन्या बागांच्या भेटीला!

सकाळी एम्प्रेस गार्डन. इथली अजस्र गारंबीची वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेली. तिच्या शेंगा चांगल्या हातभर, कधी दोन हात लांब. आपण वर बघत राहतो. माळी आधी बुंध्याशी वाकतो. खोडाला मातीचा ढीग टेकला, तर साल कुजते. आधाराची तार वेळेत सोडली नाही, तर जाड होणाऱ्या खोडात ती रुतते आणि पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही.

दुपारी जुन्या सोबत्याच्या रोपवाटिकेत चहा. गप्पा घरच्या कमी, कलमांच्या जास्त. पावसाळ्यात डाळिंबाच्या पेन्सिलएवढ्या फांदीची इंचभर साल गोलाकार काढायची, ओलं मॉस लावून प्लास्टिकने घट्ट बांधायचं. साधारण दीड-दोन महिन्यांत मुळं दिसतात. ही झाली गुटी. निघताना अशी एखादी हातात पडतेच.

संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून हे बेतलंय. ती मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. इथली हिरवळ आणि वाहतं पाणी बघत जुनी मंडळी बाकावर विसावतात. कात्री मात्र कुणाच्या तरी खिशात असतेच.

तुम्हीही पुढच्या वेळी बागेत गेलात, की आधी बुंध्याकडे बघा.