रग्बीचा वीकेंड, कार्डिफ आणि पोटापाण्याचा प्रश्न

आजचा भाग थोडा वेगळा आहे. फेब्रुवारी-मार्च आला की इकडे यूकेमध्ये सिक्स नेशन्स सुरू होते. वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्स आणि २००० पासून इटली, अशा सहा देशांची रग्बी स्पर्धा. ऑफिसमधलं कोणीतरी तिकिटं काढतं, आणि आपण, ज्यांना रग्बीतला 'र'सुद्धा माहीत नसतो, ते पण निघतो कार्डिफला. खेळाचे नियम यूट्यूबवर मिळतील. मी बोलणार आहे ते खाण्यापिण्याबद्दल. मी ब्रिस्टलला राहतो, कार्डिफ ट्रेनने साधारण तासाभरावर, त्यामुळे हे शहर बऱ्यापैकी पायाखालचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिथलं स्टेडियम. प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम, १९९९ साली उघडलं, जवळजवळ ७४,००० लोक बसतात. आणि हे गावाबाहेर नाहीये. अगदी मध्यवस्तीत, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. म्हणजे असं समजा, पुण्यात मंडईच्या शेजारी एवढं मोठं मैदान आहे, आणि सामना सुटल्यावर सगळे एकदम तुळशीबागेत शिरतात.

आम्ही सर्व्हरच्या भाषेत याला पीक लोड म्हणतो. सर्व्हर एरवी उत्तम चालतो, पण सगळे एकाच मिनिटाला लॉगिन करायला लागले की झोपतो. मॅचच्या दिवशी पबचं तेच होतं. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे, की चांगला पब शोधताना रेटिंगच्या आधी घड्याळ बघा. कुठे जायचं यापेक्षा किती वाजता जायचं हे महत्त्वाचं.

आता घड्याळ मांडू. समजा शनिवारी सामना पावणेपाचला आहे. रग्बी ८० मिनिटांची, मध्ये मध्यंतर, थांबे धरून दोन तास. म्हणजे पावणेसातला सुटणार. दुपारी एकनंतर स्टेडियमच्या आसपासच्या पबमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दारात सिक्युरिटी, प्लास्टिकचे ग्लास, आणि बऱ्याच ठिकाणी किचन बंद किंवा मेन्यू दोन-तीन पदार्थांवर आलेला. आणि एरवीसुद्धा पबचं किचन रात्री नऊच्या सुमारास बंद होतं. आपली रात्री दहाला जेवायची सवय तिथे अजिबात चालत नाही.

म्हणून दिवसाचं मुख्य जेवण साडेअकरा-बाराला करून टाका. कार्डिफ मार्केट नावाची जुनी, छत असलेली मंडई आहे, १८९१ ची. तिथे वेल्श केक मिळतात: तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले, वरून साखर. गरम असतानाच खा. नाहीतर जुन्या आर्केडमध्ये फिरा. सगळ्यात जुनी रॉयल आर्केड, १८५८ ची. पाऊस असला तरी डोक्यावर छप्पर.

स्टेडियमसमोरच्या पबचं वातावरण अनुभवायचंच असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी जा. क्वे स्ट्रीटवरचा सिटी आर्म्स बघा. शुक्रवारी तिथे निवांत उभं राहून बारमनला विचारता येतं, की बाबा, यातली कुठली घेऊ? हातपंपाची बिअर असेल तर घोटभर चव द्यायला बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. ही कास्क एल. ती बर्फासारखी थंड नसते, तळघराच्या तापमानाला, साधारण १२ अंशांना देतात. 'गरम बिअर दिली' म्हणून तक्रार करू नका, ती तशीच असते.

शनिवारी सामन्यानंतर मात्र गर्दीच्या उलट दिशेला चालायचं. स्टेशनवर रांगा लागलेल्या असतात, त्या दीड-दोन तासांत ओसरतात. किल्ल्यापासून पश्चिमेला टॅफ नदीचा पूल ओलांडा, पंधरा-वीस मिनिटांत पोंटकॅना किंवा कॅंटन. तिथल्या पबमध्ये आसपासचे लोक असतात. किंवा पूर्वेला सिटी रोड. तिथे अरबी, तुर्की, आपल्याकडची, अशी सगळी हॉटेलं ओळीने आहेत, उशिरापर्यंत चालू असतात, आणि काही ठिकाणी दारू नसतेच.

हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम सांगतोय. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण पूर्ण शाकाहारी आहे आणि पीत नाही. पहिल्या वर्षी तिने अख्खी शनिवार संध्याकाळ क्रिस्प्सच्या पुड्यांवर काढली. पुढच्या वर्षी म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे." भांडण नाही, काही नाही. पण परदेशात आपली माणसं असतात मोजून चार-पाच, त्यातलं एक असं हळूच गळतं. तिला रग्बी आवडत नव्हती असं नाही, आमच्यापेक्षा तिलाच नियम जास्त कळत होते! तिच्या पोटाचा विचार प्लॅनमध्ये नव्हता, एवढंच.

तर व्हेज मंडळींसाठी. ग्लॅमॉर्गन सॉसेज हे नाव मेन्यूत दिसलं तर घाबरू नका. ते चीज, लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोरली बहीण, आणि ब्रेडचा चुरा यांचं असतं, मांस नसतं. वेल्श रॅबिट म्हणजे चीज टोस्ट, पण त्यात बहुतेकदा वूस्टर सॉस असतो, आणि त्यात मासळी असते, तेव्हा विचारून घ्या. चिप्ससुद्धा काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात, तेही विचारा. आणि कट्टर असाल तर हेही ऐका: कास्क एल नितळ करायला परंपरेने माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. पंपावर व्हीगन लिहिलेली बिअर आता बऱ्याच ठिकाणी मिळते.

दुसरा नाजूक विषय, राउंड. इथली पद्धत अशी, की एक जण बारवर जाऊन सगळ्यांचं आणतो, मग दुसरा. सहा जण असाल तर सहा पाइंट होतात, एक पाइंट ५६८ मिलीचा. आणि सोडा-लाइम पिणारा किंवा एकच अर्धा पाइंट घेणारा स्टुडंट सगळ्यांच्या बिअरचे पैसे भरत बसतो. लाजेखातर बोलत नाही. म्हणून ग्रुपमध्ये जो कमावता आहे त्याने शुक्रवारीच सांगून टाकावं, की आपण दोघा-दोघांचे राउंड करू, नाहीतर ज्याचं त्याने घ्यायचं. इंग्रज सहकाऱ्यांना यात काही वाटत नाही, माझा तरी तसाच अनुभव आहे.

रात्री उशिरा भूक लागलीच तर कॅरोलाइन स्ट्रीट, चिप्पी लेन म्हणून प्रसिद्ध. तिथे मागा 'हाफ अँड हाफ'. म्हणजे करीबरोबर अर्धा भात आणि अर्ध्या चिप्स, एकाच डब्यात. आई बघेल तर कपाळाला हात लावेल, पण थंडीत रात्री अकराला मस्त लागतं.

आणि रविवार सोडू नका. गर्दी गेलेली असते, पबवाल्यांनाही बोलायला वेळ असतो. संडे रोस्ट दुपारी बारा ते चार-पाच, पण टेबल आठवडाभर आधी सांगून ठेवा, आणि व्हेज रोस्ट आहे ना, हे त्याच फोनवर विचारा. कार्डिफमधल्या हॉटेलचे दर मॅचच्या वीकेंडला आभाळाला भिडतात, तेव्हा राहायला न्यूपोर्ट बघा, ट्रेनने पंधरा मिनिटं.

तर थोडक्यात काय, जेवण सामन्याच्या आधी, पब स्टेडियमपासून लांब, आणि राउंडचा हिशोब शुक्रवारी. कोणी जाऊन आलात तर कळवा, विशेषतः व्हेज रोस्ट कुठे चांगला मिळाला ते. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि जाकीट न्या, पाऊस असतोच!