चिकात उतरणारे तांबे



 झाडाचा चीक काढणारे आणि साच्यातून गॅस्केट काढणारे आपल्याकडे क्वचितच एका मांडवाखाली येतात. मधल्या वाटेवर रबरात काय शिरले, हे त्यामुळे दोघांनाही कळत नाही. या परिषदेने रबरातील धातूंचे अंश हा विषय घ्यावा असा आग्रह मी धरला, तो यासाठीच.

हवेतल्या ऑक्सिजनमुळे रबरात हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात. एरवी ती सावकाश फुटतात. तांबे, मँगॅनीज किंवा कोबाल्ट रबरात विरघळेल अशा रूपात असेल, तर ती झपाट्याने फुटतात आणि त्यातून सुटलेले मूलक रबराच्या लांब साखळ्या तोडत जातात. यात धातू खर्ची पडत नाही. तांब्याचा आयन एकदा इलेक्ट्रॉन देतो, पुढच्या खेपेला परत घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. म्हणून तर लॅटेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात घन पदार्थाच्या किलोमागे तांबे फक्त 8 मिलिग्रॅमपर्यंत चालते, मँगॅनीजही तेवढेच. अशा एजिंगने नैसर्गिक रबर मऊ आणि चिकट होते; एसबीआर आणि नायट्राइल ही कृत्रिम रबरे मात्र कडक होऊन तडकतात.

हे तांबे येते कुठून? पितळी भांड्यातून, कापडाच्या रंगातून, आणि फवारणीतून. मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, आपल्या कोकणाला नवे नाही. सुपारीच्या कोळेरोगावर आपण पिढ्यान्‌पिढ्या मोरचुदाचे बोर्डो मिश्रण मारत आलो. कोळेरोग आणणाऱ्या फायटोफ्थोरा कुळातल्याच बुरशीने रबराची पाने गळतात, म्हणून केरळात पावसाआधी तांब्याची औषधे फवारतात. फवारणी सोडा असे मी मुळीच म्हणणार नाही. पानेच गेली तर चीक कुठून येणार? पण फवारणीच्या दिवशी झाडावरचे कप काढून ठेवावेत आणि औषधाचे पिंप चिकासाठी कधीही वापरू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

कारखानदारांपुढचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. रेडियल टायरमधल्या पोलादी तारेवर पितळेचा मुलामा असतो. त्यातले तांबे गंधकाशी संयोग पावते, म्हणूनच रबर तारेला धरून राहते. तो बंध टिकावा म्हणून कोबाल्टचे क्षारही घालतात, आणि तेच कोबाल्ट जास्त झाले की रबराचे आयुष्य घटवते. उलट थॅलोसायनिन निळ्या रंगात तांबे असूनही ते रेणूत इतके घट्ट बांधलेले असते की तो रंग रबरात चालतो. तेव्हा अहवालात केवळ एकूण तांब्याचा आकडा पाहून माल नाकारणे किंवा स्वीकारणे मला अपुरे वाटते. ते तांबे कोणत्या रूपात आहे, हेही विचारले पाहिजे.

रबर ऑक्सिजनपुढे प्रत्यक्षात किती टिकते हे पाहायला पीआरआय, म्हणजे प्लॅस्टिसिटी रिटेन्शन इंडेक्स, ही चाचणी आहेच. नमुना 140 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवायचा आणि त्याची प्लॅस्टिसिटी किती टक्के टिकली ते मोजायचे. भारतीय मानकातल्या आयएसएनआर 20 प्रतीला ती किमान 40 लागते, आयएसएनआर 5 ला 60. माल कारखान्यात पोहोचल्यावर हा आकडा कळून बागायतदाराच्या हाती काय पडणार? चीक जिथे गोळा होतो त्याच तालुक्यात या तपासणीची सोय व्हावी, असा ठराव उद्याच्या सत्रात आपण घ्यावा, ही स्वागत समितीची आपल्याला विनंती आहे. त्याचा मसुदा आपल्या पिशवीत ठेवला आहे.